तुझ्याकडून काय घ्यायचं

पुरानी बस्ती, रायपूर
१२ जानेवारी

इंद्रजीत,

तू फोन ब्लॉक केला म्हणून ताई मुकी झाली असं समजू नको. पोस्ट अजून चालू आहे. पत्ता चिरागनं दिला. त्याच्यावर डाफरू नको, मीच रडून रडून त्याच्याकडून काढून घेतला. गरीब पोट्टा आहे. तुझ्या खोलीत राहते, तुझं पाहते, अन् घाबरला म्हणून त्यानं मले फोन केला. "दीदी, भैया दवाई नहीं ले रहे. डब्बा वैसे का वैसा पड़ा है." मी दुकानात होती. गिऱ्हाइकाच्या हातातली साडी माझ्या हातात आली अन् मी तिची घडी घालायची विसरून गेली.

किडनी बदललेल्या माणसानं गोळ्या सोडल्या तर काय होते, हे तुले आता मी सांगायचं का? सहा वर्षांपूर्वी डॉक्टरनं मले समोर बसवून सांगतलं होतं, तू तर तेव्हा ग्लानीत होता. शरीर त्या किडनीले परकं समजते, तिच्यावर चालून जाते. गोळ्या असल्या की गप बसते. सकाळी एक खेप, संध्याकाळी एक खेप, जन्मभर. मी वहीत लिहून घेतलं, भिंतीवर लावलं, मोबाईलमध्ये घंटी लावली. सहा वर्षांत एक खेप चुकू दिली नाही मी. अन् तू विशाखापट्टणमले जाऊन हे उद्योग करून राहिला!

एक साफ सांगते. ती किडनी माझी आहे. तुले दिली म्हणून काय झालं? कोणाच्या गोठ्यात म्हैस बांधायले दिली तर तोही तिले चारा घालते. उपाशी मारायचा हक्क तुले कोणी दिला?

तुझा असा आडमुठा स्वभाव नव्हता बापा. तेलीबांध्याच्या तलावावर तू दोस्तांबरोबर गुपचुपच्या ठेल्यावर पाणीपुरी खाऊन राहिला होता, आठवते? मी स्कूटी थांबवली अन् तुझ्या हातातला दोना उचलून फेकला. ठेलेवाला पाहत राहिला. मी म्हटलं, पाणी कुठलं आहे माहीत आहे का, माझी किडनी आहे त्या पोटात. तुझे ऑफिसातले पोट्टे हसले, पण तू हूं का चूं केलं नाही. गुपचाप मागं बसला अन् घरी आला. असा शहाणा होता तू. मंग आताच काहून असं?

डबा उघड. गोळी घे. चिरागले सांगून मले कळव.

नाना बरे आहेत. त्यायले मी यातलं काही सांगतलं नाही.

ताई


३० जानेवारी

इंद्रजीत,

कुरिअरवाला आज पार्सल परत घेऊन आला. घरी नाही, पंडरीले दुकानात. समोर लग्नाची पार्टी बसलेली, शेठ गल्ल्यावर, मी वीस साड्या उघडून बसली होती. तो दारातूनच ओरडला, "मैडम, पार्टी ने लेने से मना कर दिया." पार्टी म्हणे! माझा भाऊ पार्टी झाला.

त्यात गोळ्या होत्या, हाफ स्वेटर होता, अन् संक्रांतीचे तिळाचे लाडू होते. लाडू नानाले दिले, साखरेची बिमारी आहे तरी. कडक झाले होते, त्यायले दातानं फुटले नाहीत, चघळत बसले. म्हणाले, "इंद्रजीतले पाठवले का?" मी म्हटलं, पाठवले. खोटं नाही बोलली. पाठवले होतेच.

रागावून लिहिलं की तू वाचत नसशील, म्हणून आज रागावत नाही. दुसरंच काही लिहिते. नानाची ट्यूशन आठवते? ओसरीत सतरंजी, वीस-पंचवीस पोट्टे, अन् फळ्यावर इंग्रजी शब्द. एक दिवस त्यायनं 'ओ' शिकवला होता, आय ओ यू वाला. पाऱ्यातला, आपल्याच गल्लीतला, एक जण उठून म्हणाला, सर, हे ओ म्हणजे कोणाले आवाज देणं आहे का? नानानं त्याले खडू फेकून मारला. मूर्खा, ओ म्हणजे देणं लागणं. आय ओ यू टेन रुपीज. आय ओ यू ॲन अपॉलजी. आय ओ माय लाइफ टु यू. पैसा असो, माफी असो, जीव असो, इंग्रजाले एकच शब्द पुरते. मराठीत पाहा, म्हणे, पैसे देणं लागतो म्हणतात, पण माफी देणं लागतो असं कोणी म्हणत नाही. माफी मागतात. अन् जीवाचं तर बोलतच नाहीत. मी चुलीपाशी बसून ऐकायची. मले वाटायचं, भलतेच हिशेबी लोक दिसतात हे. दहा रुपये अन् जीव एकाच तराजूत.

अन् दवाखान्यातून सुट्टी झाली त्या दिवशी तू मले मोबाईलवर तेच लिहिलं. आय ओ माय लाइफ टु यू, ताई. शेजारच्या खोलीत झोपला होता तू, अन् इंग्रजीत लिहिलं. मी किती रडली त्या दिवशी! तो मेसेज मी सगळ्यायले दाखवला. सदर बाजारात जाऊन कुसुममावशीले दाखवला, दुकानातल्या पोट्ट्यांयले दाखवला, शेठले दाखवला. पाहुणा आला की मी मोबाईल काढायची अन् तू उठून आत जायचा. मी म्हणायची, लाजते. अभिमान वाटला तर दाखवू नये का माणसानं?

मी तुले कधी काही मागितलं का? आठवून सांग. एक रुपया नाही, एक साडी नाही. बंगलोरची नोकरी नको म्हटलं, ते तिथं तुझं पथ्य कोण पाहणार म्हणून. रीनाशी लग्न नको म्हटलं, तर तिच्या घरी रोज तेलमिरचीचं खाणं, ती काय तुले बिनमिठाची भाजी करून देणार होती? दोन्ही वेळा तू हो म्हणाला. मी जबरदस्ती केली नाही. तुझ्या भल्याचं सांगतलं, बस.

पार्सल उद्या पुन्हा टाकते. घे रे. हात जोडते.

ताई


१९ फेब्रुवारी

इंद्रजीत,

आता कळलं तू काहून गेला ते. आज नानानं कबूल केलं.

सकाळी त्यायची दाढी करून देऊन राहिली होती. अर्ध्या गालावर साबण, अन् एकदम म्हणाले, "चेतना, मी पाडव्याले इंद्रजीतले दुर्गचं सांगून टाकलं." मी वस्तरा खाली ठेवला. म्हटलं, काय सांगतलं? म्हणाले, "लग्न काहून मोडलं ते. त्यानं विचारलं, मी खरं सांगतलं. मास्तर माणूस, खोटं कसं बोलू?"

मास्तर माणूस! सहा वर्षं गप राहिले अन् दिवाळीच्या पाडव्याले त्यायच्यातला मास्तर जागा झाला.

तुले मी काय सांगतलं होतं? त्या दुर्गवाल्याच्या मिशा पाहून मले हसू येते, जन्मभर हसत कशी राहू, म्हणून नाही म्हटलं. तू केवढा हसला होता तेव्हा! ते खोटं नव्हतं, मिशा खरंच तशा होत्या, कुंचल्यासारख्या. पण माणूस चांगला होता. बायको वारलेली, बोलणं मऊ. दोनदा घरी आला, नानाबरोबर बुद्धिबळ खेळला. साखरपुड्याची तारीख धरली अन् मंग त्याच्या आईले कळलं की मी ऑपरेशन करून किडनी देणार आहे. ती फोनवर म्हणाली, "एका किडनीची सून आम्ही काय करायची? उद्या तिलेच काही झालं तर माझ्या मुलानं दुसऱ्यांदा सरण रचायचं का?" तिचंही काय चुकलं म्हणा. ती आई आहे.

तो स्वतःहून बोललाच नाही. मी त्याले एकदाच विचारलं. म्हणाला, थांबा ना थोडं, दुसरा कोणी देणारा मिळाला तर पाहू. तुझा चेहरा सुजून तेव्हा भोपळ्यासारखा झाला होता, डोळे उघडत नव्हते. कोणासाठी थांबायचं? आई गेलेली, नानाले साखर. मीच उरली होती.

मंग नानानं तुले हे कोणत्या शब्दात सांगतलं तेही विचारलं मी. म्हणाले, "मी एवढंच म्हटलं, तुझ्यामुळे तिचं लग्न राहिलं." तुझ्यामुळे. ओइंग टू. शाळेत तू तो अर्ज घोटून घोटून पाठ केला होता ना, ओइंग टू माय सिस्टर्स मॅरेज आय कुड नॉट अटेंड स्कूल. बहिणीच्या लग्नामुळे शाळेत येता आलं नाही. सुट्टी मागायची असली की हाच अर्ज, सगळ्या पोट्ट्यांचा. माझं लग्न काही झालं नाही, तुझे अर्ज मात्र झाले.

पाहा, हे मी हसायले लिहिलं. तू रडत बसू नको.

माझं ऐक. तुझ्यामुळे काही झालं नाही. मीच ठरवलं, मीच सही केली, मीच टेबलावर जाऊन झोपली. माझ्या मनात कधी आलं नाही की मी तुझ्यासाठी काही सोडलं. कधीच नाही. एखाद्या वेळी कोणाची वरात दुकानासमोरून गेली की वाटते थोडं. ते कोणाले वाटत नाही?

गोळी घे.

ताई


११ मार्च

इंद्रजीत,

चिरागचा फोन आला. तुझा निरोप दिला. "दीदी, भैया बोले, ताई को बोल दो, ये शरीर मेरा है." तुझे पाय सुजले आहेत म्हणे. लघवी कमी झाली. तरी तू कामावर जाते.

शरीर तुझं आहे. बरं बापा. तुझं आहे. मी आता माझी-माझी म्हणणार नाही. तुझ्या शरीरासाठी घे.

आता भाऊबीजेचं बोलून टाकू. चार महिने आपण दोघंही त्याच्या भोवती फिरून राहिलो.

पाट मांडला होता, रांगोळी काढली होती, कुसुममावशी आली होती, नाना खुर्चीवर. तुझ्या कपाळाले कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. तू खिशातून लाल डबी काढली. सदर बाजारच्या सोनाराची, मी लांबूनच ओळखली. पाटल्या होत्या. मावशीनं आं केलं. तू मोटरसायकल विकली हे मले तेव्हा माहीत नव्हतं, पण एवढं सोनं तुझ्या पगारात बसत नाही हे मी जाणत होती. अन् पाडव्याले नानानं तुले काय सांगतलं तेही मले माहीत नव्हतं. मले फक्त माझा भाऊ दिसला, वाळलेला, हातावर सुईच्या खुणा, अन् माझ्यासाठी सोनं घेऊन बसलेला. माझं काळीज भरून आलं. मी ताटावर हात आडवा धरला अन् म्हटलं, "तुझ्याकडून काय घ्यायचं रे? तूच माझी ओवाळणी."

आई मामाले हेच म्हणायची. मामाची गिरणी बंद पडली त्या वर्षी म्हणाली होती अन् मामा तिच्या पाया पडून रडला होता. आपल्याकडे सगळ्याच बहिणी म्हणतात. मावशीनं पदरानं डोळे पुसले. नाना म्हणाले, वा. मलेही वाटलं, चांगलं बोलली.

तू डबी ताटातच ठेवायले पाहत होता. मी हात काढला नाही. तू म्हणाला, "मंग मी काय करू ताई, सांग." मी म्हटलं, "काही करू नको. फक्त तब्येत सांभाळ. तेच माझं घेणं."

तुझा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं होतं. कळलं नव्हतं. तू उठला, डबी खिशात टाकली, कुंकू तसंच कपाळावर, अन् फराळ न करता निघून गेला. मी मावशीले म्हटलं, मन भरून आलं त्याचं. चकल्या झाकून ठेवल्या तुझ्यासाठी.

चार महिने मी रोज ते आठवून राहिली. रीत काय आहे? बहीण ओवाळते, भाऊ टाकते. अकरा रुपये टाकले तरी टाकते. ताट रिकामं ठेवत नाहीत. टाकलं की झालं, दोघं जेवायले बसतात, भांडतात, हसतात. त्या दिवशी तुझ्याजवळ द्यायले काहीतरी होतं अन् मी म्हटलं, तुझ्याजवळ माझं एकच आहे अन् ते तू रोज देत राहा, मरेपर्यंत. मी माया म्हणून बोलली रे. तुले ते किती जड लागलं असेल! मी ताट आडवलं अन् तुले पाटावरून उठायले वाटच ठेवली नाही.

मी घेते पाटल्या. ऐकलं का? कुरिअरनं पाठव, चिरागजवळ दे, कशाही दे. मी दोन्ही हातात घालून दुकानात बसेन. ज्याले दाखवायच्या त्याले दाखवेन. फक्त गोळी घे.

ताई


२ एप्रिल

इंद्रजीत,

उत्तर नाही. पाटल्या नाहीत. पार्सल तिसऱ्यांदा परत आलं.

मी काल रीनाकडे गेली होती. नवल वाटलं ना? मलेही वाटलं. विचार केला, तिले हात जोडून सांगते, तू बोल त्याच्याशी, तुझं ऐकेल. ती आता बिलासपूरले राहते. दारातच कळलं, गळ्यात मंगळसूत्र, कडेवर पोर. मले बसायले खुर्ची दिली, पाणी दिलं, चांगलीच वागली. मी सगळं सांगतलं. ती ऐकत राहिली अन् मंग म्हणाली, "दीदी, उसको छींक भी आती थी तो पहले आपका चेहरा देखता था. सर्दी हो जाए तो चोर जैसा घूमता था कि दीदी को पता न चले. एक बार मैंने पूछा, तुझे क्या खाना है? बोला, पता नहीं, छह साल से किसी ने पूछा नहीं."

मी म्हटलं, बेटी, मी त्याले वाचवलं. ती म्हणाली, "हव दीदी, वाचवलं." तिनं मराठीतच म्हटलं, तू शिकवलेलं मराठी. अन् पोराले घेऊन आत गेली.

बसमध्ये मी तिच्यावर खूप चिडली. तोंडातल्या तोंडात शिव्या दिल्या. मंग रायपूर जवळ आलं अन् चिडता आलं नाही.

इंद्रजीत, तुले काय खायचं आहे? मी विचारून राहिली. जे म्हणशील ते. तेलीबांध्याचे गुपचुप खा. बंगलोरले जा, दिल्लीले जा, कुठंही जा अन् मले पत्ता देऊ नको. माझ्याशी जन्मात बोलू नको. तो मेसेज मी मोबाईलमधून काढून टाकला, कोणाले दाखवणार नाही. मी तुझी कोणी नाही असं समज, दवाखान्यात कोणी अनोळखी बाई मेली अन् तिची किडनी तुले लागली असं समज. तसं असतं तर तू गोळ्या घेतल्या असत्या ना? मेलेल्या बाईचं लोक सुखानं ठेवतात. मी जिवंत आहे हेच आडवं आलं.

मी दूर होते. पाहा, आत्ता या पत्रात दूर झाली. आता तरी घे.

ताई


२१ एप्रिल

इंद्रजीत,

चिरागनं दुपारी फोन केला. तू जिन्यात बसून राहिला होता, श्वास घेता येत नव्हता. त्यानं अन् वॉचमननं उचलून दवाखान्यात नेलं. पोटात उजवीकडे, जिथं ती बसवली आहे, तिथं दुखते म्हणे.

शेठले सांगतलं. नानाजवळ कुसुममावशी येऊन राहिली. नानाले म्हटलं, दुकानाचा माल पाहायले सुरतले जाते. उद्याच्या गाडीचं तिकीट मिळालं, बसायची जागा आहे, झोपायची नाही. चालते मले.

हे पत्र टाकत नाही, पर्समध्ये ठेवते. तू आत येऊ दिलं नाही तर नर्सजवळ देईन. यात काही मागितलेलं नाही. मी बाहेर बसली आहे, एवढंच.

ताई


९ मे

इंद्रजीत,

घरी पोहोचली. गाडीत खिडकी मिळाली होती.

तुझ्यासमोर बोलता आलं नाही म्हणून लिहून राहिली. तिथं मी सगळे दिवस फक्त हो, हं, अन् पाणी देऊ का, एवढंच बोलली.

डॉक्टरनं मले केबिनमध्ये नेऊन सांगतलं तेव्हा तू वार्डात होता. तेलुगू माणूस, हिंदी तुटकं, पण हळू बोलला. "सिस्टर, किडनी चला गया." मी विचारलं, काढून टाकणार का? म्हणाला, नाही, त्रास देत नाही तोपर्यंत तिथंच राहू देतात, आपोआप वाळते. मी विचारलं, पुन्हा गोळ्या सुरू केल्या तर? त्यानं मान हलवली. मी अजून एक मूर्खासारखं विचारलं. म्हटलं, माझी दुसरी चालेल का? त्यानं मले चहा सांगतला.

मंग मी तुझ्याकडे आली. डायलिसिसच्या पलंगावर तू, हाताले दोन नळ्या, मशीन गरगर फिरून राहिलेलं. मले वाटलं तोंड फिरवशील. तू म्हणाला, "ये ताई. बस. हे काय, केसाले कोणता काळा रंग लावला, पंडरीचा डांबर आहे का?"

सहा वर्षांत तू माझी टिंगल केली नव्हती. ऑपरेशनच्या आधी रोज करायचा, माझ्या नाकाची, माझ्या स्कूटीची, माझ्या इंग्रजीची. मंग बंद झाली ती बंदच. मी कधी लक्षात घेतलं नाही, म्हटलं मोठा झाला. त्या पलंगावर तू तासभर बोलला. चिराग कसा घोरते ते करून दाखवलं. नर्सशी तेलुगूत मस्करी केली. माझ्या डब्यातली भाजी खाल्ली अन् म्हणाला, मीठ कमी आहे, तुझ्या हाताले मीठ माहीतच नाही का. मी हसली.

अन् मंग तू म्हणाला. आवाज किती मऊ होता तुझा! "ताई, आता माझ्याजवळ तुझं काही नाही. आता आपण नुसते बहीण-भाऊ. बरं वाटते मले."

मी बाथरूममध्ये जाऊन पदर तोंडात कोंबला.

दुसऱ्या किडनीसाठी नाव टाकायचं डॉक्टर म्हणाले तर तू साफ नाही म्हणाला. "आता कोणाचंच नको." मेलेल्या माणसाचीही नको. मशीनवर लोक वर्षानुवर्षं काढतात, डॉक्टर म्हणाले, पण आठवड्यातून तीनदा यावं लागते. चिरागनं मले स्टेशनवर सांगतलं की तू दोनदाच जाते. कधी एकदाच. तुले वाटते ताईले माहीत नाही.

मी तुले एक खरं सांगते, लाज वाटते तरी सांगते. मले तुझं ते हसू नाही पाहिजे. मले तो घाबरणारा, गुपचाप स्कूटीवर मागं बसणारा, माझं तोंड पाहून शिंकणारा इंद्रजीत परत पाहिजे, कारण तो जिवंत राहत होता. तू सुखी आहे हे मी डोळ्यानं पाहून आली अन् माझा जळफळाट होऊन राहिला. कोणती बहीण असं लिहिते? माझ्या पोटावरच्या त्या व्रणाले आता काय सांगू, कशासाठी आहे तू?

तू फिटलं म्हणून मोकळा झाला. मले तर कधी फेडून घ्यायचं नव्हतं रे. मले भाऊ पाहिजे होता. तो वाचवायले गेली अन् सहा वर्षं तो कुठं होता तेच मले दिसलं नाही. आता दिसला तर आठवड्यातून दोन दिवसांचा.

मंगळवारची मशीन चुकवू नको. एवढंच मागते. नाही, मागत नाही. चुकवू नको, बस.

घरात शिरली तेव्हा नाना ओसरीत बसून होते. मावशीनं त्यायले सांगून टाकलं होतं की मी सुरतले नाही, तुझ्याकडे गेली. किडनी गेली हे तिलेही माहीत नाही. मले म्हणाले, "कसा आहे?" मी म्हटलं, हसून राहिला होता. खूप बोलला, माझी टिंगल केली.

नाना म्हणाले, "मंग बरा आहे."

मी हो म्हटलं अन् कुकर लावला.

ताई